उमेदवारी

आमच्या घराण्यात उमेदवारी पिढीजात आहे. गैरसमज नको, निवडणुकीचा अर्ज आमच्यापैकी कोणी कधी भरलेला नाही, आणि भरला असता तर अनामत रक्कम जप्त झाल्यावाचून राहिली नसती. ही उमेदवारी निराळी. माझे आजोबा मामलेदार कचेरीत उमेदवार होते. त्या काळी मुलगा मराठी सातवी पास झाला, की वडील त्याला धुतलेले धोतर नेसवून कचेरीत नेत आणि अव्वल कारकुनाच्या पायांवर घालीत. मग तो मुलगा बिनपगारी नकला करी, दौती भरी, दप्तरे बांधी, प्रसंगी साहेबांच्या घरची भाजीही आणी. आणि वर्ष-दोन वर्षांनी एखादा कारकून बदलला किंवा देवाघरी गेला, म्हणजे ती जागा त्याला मिळे. आजोबांना ती दीड वर्षाने मिळाली. 'पहिले सहा महिने मी फक्त गाठ मारायला शिकलो,' असे ते सांगत. दप्तराची गाठ, पण ती ते अखेरपर्यंत इतकी पक्की मारीत, की फराळाच्या डब्यावर त्यांनी बांधलेले फडके सोडायलाही त्यांनाच बोलवावे लागे. चोरून चकल्या खाण्याच्या वयात आम्हां नातवंडांना त्या गाठीने फार छळले.

मी स्वतः उमेदवारी केली नाही, पण उमेदवारांवर पोट भरले. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली. कारखान्याचे नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. ट्रक आणि ट्रॅक्टर यांना लागणारे सुटे भाग तेथे होत. माझे खाते माणसे भरण्याचे. त्या खात्याची पाटी माझ्यादेखत तीनदा बदलली. शेवटची पाटी इतकी लांबलचक होती, की माझ्या नेमप्लेटवर ती मावेना. पाटीखाली येणारे चेहरे मात्र तेच राहिले : नव्या शर्टाची घडी न मोडलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे, आणि डोळ्यांत 'काका, आमचं काम करा' असा भाव.

१९८४ साली आम्हाला टर्नर हवे होते. टर्नर म्हणजे लेथ चालवणारा कारागीर. लोखंडाचा दांडा चकमध्ये धरायचा, तो गरगर फिरवायचा आणि त्याला हत्यार लावून हव्या त्या मापाचा करायचा, असे हे काम. ऐकायला सोपे, पण मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा चुकला तर दांडा भंगारात जातो. आम्ही वर्तमानपत्रात जाहिरात दिली. अर्जांचा ढीग पडला. चार दिवस मुलाखती घेतल्या, चहाची किटली फिरून फिरून शिपायाचे हात दुखले, आणि शेवटी आम्ही सहा माणसे घेतली. त्यांतला एक तीन महिन्यांत पळाला, दोघांनी इतका माल बिघडवला की फोरमन माझ्या टेबलावर ते बिघडलेले दांडे आणून ओळीने मांडून ठेवू लागला. 'ही तुमची पोरं,' तो म्हणे. मी माझ्या परीने प्रश्न नीट विचारले होते : वडील काय करतात, भाऊ किती, ओव्हरटाइम करशील का. लेथसंबंधी मात्र मी काहीच विचारले नव्हते, कारण मला स्वतःलाच लेथसंबंधी काही कळत नव्हते.

हे सारे एका गृहस्थांच्या कानावर गेले. आमच्या कारखान्यापासून दोनेक मैलांवर एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था होती. लोक तिला आय.टी.आय. म्हणतात. आपल्या देशात ही योजना १९५० साली सुरू झाली. तिथे टर्नर शाखेला शिकवणारे एक निदेशक होते. सरकारी भाषेत निदेशक. पण सगळे त्यांना मास्तरच म्हणत. खाकी पँट, पांढरा शर्ट, खिशात नेहमी सहा इंची स्टीलची पट्टी. एके दिवशी ते न कळवता माझ्याकडे आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "साहेब, तुमच्या आवारात मागच्या बाजूला एक लेथ गंजत पडला आहे. तो मला द्या."

मला वाटले, हा देणगी मागायला आलेला. मी ठेवणीतले हसू हसलो. पण मास्तर पुढे म्हणाले, "आमच्याकडे चोवीस मुलं आणि धड चालणारी मशिनं पाच. तुम्ही मला लेथ द्या, आणि शनिवारी दोन तास तुमचा फोरमन पाठवा. दोन वर्षांनी मुलं निवडायला तुम्ही पहिले या. मुलाखत घेऊ नका. तोवर फोरमनला प्रत्येकाचा हात माहीत झालेला असेल."

हा प्रस्ताव मी वर पाठवला. खरेदी खात्याने शेरा मारला की, भंगाराला किलोमागे भाव मिळत असता दान करणे हिताचे नाही. हिशेब खात्याने विचारले की, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा. फाईल सात महिने फिरली. अखेर आमच्या जुन्या मालकांच्या हाती ती पडली, तेव्हा त्यांनी त्यावर एकच शब्द लिहिला : 'द्या'. हे मालक स्वतः लहानशा शेडमधून वर आलेले होते आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. लक्ष्मणराव आधी मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. बढतीच्या वेळी डावलले म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना मांडला. त्या माळावर तयार कारागीर कोठून यायचे? खेड्यातले हात घ्यायचे आणि शिकवायचे, एवढाच मार्ग. पुढे १९२१ साली टाटांनी जमशेदपुरात टेक्निकल इन्स्टिट्यूट काढले, तेही याच गरजेपोटी. पोलाद ओतणारी माणसे बाजारात मिळत नव्हती. आमचे मालक म्हणत, "शाळा आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत बांधली कोणी, तेच मला समजत नाही."

लेथ गेला. फोरमन शनिवारी कुरकुरत जाऊ लागला आणि दोन महिन्यांनी कुरकुरल्यावाचून जाऊ लागला. तिसऱ्या महिन्यात तो रविवारीही गेला, तेव्हा त्याच्या बायकोची तक्रार माझ्याकडे आली.

याचा कारखान्याला झालेला फायदा मी अगदी रोकड्या भाषेत सांगतो. कारण पुष्कळांना अजून वाटते की हा धर्मादाय व्यवहार आहे. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत मुलगा कसा बोलतो ते कळते. दोन वर्षांत तो कसा वागतो ते कळते. हत्यार बोथट झाल्यावर गुपचूप दुसऱ्याचे उचलणारा कोण, आणि उठून ग्राइंडरवर जाणारा कोण. माप चुकले तर दांडा खालच्या थरात दडवणारा कोण, आणि समोर आणून देणारा कोण. ही माहिती कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेली नसते. दुसरे म्हणजे, मुले आमच्याच जातीच्या मशिनवर शिकत. कारखान्यात पाऊल टाकल्यापासून आठवडाभरात ती कामाला लागत. आणि तिसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. फोरमनने स्वतः निवडलेला मुलगा बिघडवतो, तेव्हा फोरमन दांडा माझ्या टेबलावर आणून ठेवीत नाही. तो मुलाला बाजूला घेतो आणि पुन्हा शिकवतो. 'तुमची पोरं' जाऊन 'आमची पोरं' झाली होती.

तक्रारीही होत्या. शिकून तयार झालेला मुलगा दोनशे रुपये जास्त मिळाले की मोठ्या कंपनीत जाई, आणि मग आमच्या बैठकीत हटकून कोणीतरी म्हणे, "आपण वाढवायचं आणि दुसऱ्यानं खायचं!" जर्मनीत हा प्रश्न त्यांनी सगळ्यांनी मिळून सोडवला आहे. तेथे मुलगा कंपनीशी करार करतो, आठवड्यातून एक-दोन दिवस धंदेशाळेत जातो आणि बाकीचे दिवस कंपनीत शिकतो. तीन, साडेतीन वर्षे हे चालते. असे तीनशेहून अधिक धंदे तेथे ठरवून दिलेले आहेत, १९६९ पासून त्याचा देशभर एक कायदा आहे. पदरचा पैसा घालून कंपन्या मुले शिकवतात, आणि आपला मुलगा शेजारच्याकडे गेला तर शेजारच्याचा आपल्याकडे येतो, एवढा विश्वास त्यांना असतो. त्यांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही. त्या भागातले उद्योग-व्यापार मंडळ घेते. शिकवले की नाही, हे शिकवणाऱ्याने स्वतःच सही करून सांगायचे नसते.

आपल्याकडेही कायदा आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम. कारखान्याने ठराविक प्रमाणात उमेदवार घ्यावेत, त्यांना विद्यावेतन द्यावे, अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवावे, आणि शेवटी राष्ट्रीय परिषदेची परीक्षा. उमेदवार हा विद्यार्थी असतो, कामगार नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे त्याला कामगारांचे कायदे लागत नाहीत, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी द्यायचे बंधनही मालकावर नाही. कलम लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. विद्यार्थ्याला विद्यार्थीच ठेवावे, असा. पण वाचकहो, मी माणसे भरण्याच्या खात्यात आयुष्य काढलेले आहे. त्या कलमाचा उलट्या बाजूने वाचलेला अर्थ काय होतो, हे मला फार लवकर कळले होते : स्वस्त हात.

जुने मालक होते तोवर तो अर्थ कोणी मोठ्याने वाचला नाही.

आता थोडे घरचे. आमचे चिरंजीव लहानपणापासून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरणारे. घरातला एकही रेडिओ त्याने नीट राहू दिला नाही. १९९५ साली तो दहावी झाला, गुण बेताचे पडले, आणि त्याने जाहीर केले की मी आय.टी.आय.ला जातो. "बाबा, तुम्हीच सांगता ना, तिथली मुलं कशी तयार होतात?" मी सांगत होतो, हे खरे. शाळाशाळांतून भाषणे करीत होतो. पालकांना म्हणत होतो, 'हाताच्या विद्येला कमी लेखू नका.' समोरच्या सतरंजीवरचे पालक माना डोलवीत. पण माझ्या स्वतःच्या मुलाने निळा डगला घालून माझ्याच कारखान्याच्या गेटातून यायचे? आमच्या बिल्डिंगमध्ये काय म्हणतील? मी त्याला अकरावी सायन्सला घातला, क्लास लावले, आणि पुढे एका विनाअनुदान इंजिनीयरिंग कॉलेजात भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून जागा मिळवली. १९८३ पासून महाराष्ट्रात ही कॉलेजे निघाली होती ती आमच्यासारख्यांसाठीच. सौ.ने तेव्हा एकच वाक्य उच्चारले, "लोकांच्या मुलांना मात्र पाठवता." मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

चिरंजिवांच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपनी आली. कँपस म्हणतात त्याला. मुलांनी टाय बांधले, प्राचार्यांनी पुष्पगुच्छ दिले, काजूची बशी फिरली, आणि सॉफ्टवेअरच्या एका कंपनीने एका दिवसात वर्गातली निम्मी मुले उचलली. कोण मेकॅनिकलचा, कोण सिव्हिलचा, विचारपूस नाही. आमच्याकडे आल्यावर आम्ही शिकवू, असे ते म्हणाले. त्यांचे चुकत होते असे मला वाटत नाही. ज्या धंद्याला माणसे हवीत त्याने शाळेच्या दारात जावे, हे तर मीच सतरा वर्षे घोकीत आलो होतो. आय.टी.आय.च्या दारात कोणी काजू घेऊन का जात नाही, एवढाच विचार मनात येऊन गेला. आम्ही पेढे वाटले.

आणि २००१ साल उजाडले. अमेरिकेतल्या इंटरनेटच्या कंपन्या कोसळल्या, त्याचे हादरे इकडे बसले. चिरंजिवांच्या हातात नेमणुकीचे पत्र होते, पण रुजू होण्याची तारीख नव्हती. पहिल्यांदा 'ऑगस्ट' सांगितले, मग 'दिवाळीनंतर', मग फोनच उचलेनात. मुलगा आठ महिने घरी बसून होता. सकाळी उठून दाढी करी, नीट कपडे घाली आणि पुन्हा खाटेवर बसे. मी त्या कंपनीला काय काय बोललो असेन! शाळेत येऊन शब्द देता, पोरांनी दुसरीकडे जाऊ नये असे बघता, आणि मग हात झटकता? हा विश्वासघात आहे, असे मी जेवताना, अंघोळ करताना, बसस्टॉपवर, भेटेल त्याला सांगत होतो.

त्याच दिवसांत आमच्या कारखान्यात काय चालले होते, ते आता सांगतो.

ट्रकचा खप घसरला होता. जुने मालक वारले होते. हंगामी माणसे कमी केली, कायम कामगारांपैकी पुष्कळांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवले. एक काम मात्र भरपूर होते : एका ब्रॅकेटला चार भोके पाडायचे. ब्रॅकेट उचला, फिक्श्चरमध्ये बसवा, ड्रिल खाली ओढा, उचला, पेटीत टाका. मास्तरांकडची आठ मुले त्या वर्षी उमेदवार म्हणून आलेली होती. टर्नरची मुले. ती ड्रिलवर उभी केली गेली. 'महिनाभरच,' असे मला सांगण्यात आले. महिन्याचे वर्ष झाले.

उमेदवाराला एक वही ठेवावी लागते. कोणत्या महिन्यात काय शिकलो, ते त्याने लिहायचे आणि खाली अधिकाऱ्याने सही करायची. त्या आठांपैकी एक मुलगा, मावळातल्या खेड्याचा, अंगाने किरकोळ, तिसऱ्या महिन्यात वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, यात काय लिहू?"

मी म्हटले, "अभ्यासक्रमात या महिन्याला काय आहे?"

"टेपर टर्निंग, साहेब. पण मी भोकंच पाडतोय."

मी जरा वेळ थांबलो. खोटे सांगत नाही, थांबलो. चिरंजीव घरी खाटेवर बसलेले होते. माझी निवृत्ती सात वर्षांवर होती. स्वेच्छानिवृत्तीची यादी कोणाच्या टेबलावर आहे, ते मला माहीत होते. मग मी म्हटले, "अभ्यासक्रमात असेल ते लिही."

त्याने लिहिले. सुरेख अक्षर होते. 'टेपर टर्निंगचा सराव केला.' खाली मी सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'समाधानकारक'. असे बारा महिने. आठ वह्या, शहाण्णव सह्या.

परीक्षेत टेपर आला आणि आटे पाडायचे आले. आय.टी.आय.मध्ये शिकलेले हात वर्षभरात विसरून गेले होते. आठांपैकी सहा नापास झाले. त्यांत तो मावळातला मुलगा होता.

मास्तर पुन्हा आले. पहिल्यासारखेच उभे. आता केस पांढरे झालेले, पण पट्टी खिशात तशीच. भांडतील असे वाटले होते. ते म्हणाले, "साहेब, वह्या पाहिल्या मी. अक्षर चांगलं आहे मुलांचं." आणि गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या संस्थेतून आमच्याकडे एकही मुलगा आला नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. सरकारी पत्र पाठवले की उत्तर येई, 'विद्यार्थ्यांनी अन्य आस्थापना निवडल्या आहेत.' २००४ च्या सुमारास ट्रकचा धंदा सुधारला, मागण्या आल्या, नवी मशिने आली. आणि आम्ही वर्तमानपत्रात टर्नरसाठी जाहिरात दिली. अर्जांचा ढीग पडला. फोरमन निवृत्त झाला होता, नवा आलेला होता. महिन्याभराने त्याने माझ्या टेबलावर बिघडलेले दांडे ओळीने मांडले.

चिरंजिवांचे पुढे बरे झाले, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या कंपनीत लागले, आता हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर आहेत. रेडिओ कोणी उघडत नाही. घरात रेडिओच नाही.

मी २००८ साली निवृत्त झालो. त्यानंतर कायदा बराच बदलला. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांना तुरुंगाची भीती राहिली नाही आणि धंद्यानुसार गुणोत्तराची किचकट भानगड जाऊन एकूण माणसांच्या टक्केवारीवर उमेदवार घ्यायची सोय झाली. २०१६ पासून सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दीड हजारांपर्यंत, स्वतः सोसते. त्याच साली काही शिक्षण संस्थेत आणि काही कारखान्यात अशी जर्मनीच्या धर्तीची योजनाही आय.टी.आय.साठी निघाली. वर्तमानपत्रांत तरुणांना मोठ्या कंपन्यांत अनुभव देण्याच्या नवनव्या योजना वाचतो. वाचताना माझी नजर आकड्यांवर जात नाही. वही कोण तपासणार, एवढेच मी शोधतो.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फोन आला. "साहेब, ओळखलंत का? भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. उद्या मशिनांची पूजा आहे. तुम्ही यायचंच. गाडी पाठवतो." आवाज ओळखला नाही; नाव सांगितल्यावर ओळखला. मावळातला मुलगा.

जावे की न जावे, अशा विचारात रात्र गेली. सौ. म्हणाली, "अहो, एवढ्या आठवणीनं बोलावलंय, जा की!" तिला त्या वह्यांविषयी मी कधी सांगितलेले नव्हते.

भोसरीत अशी शेकडो वर्कशॉपे आहेत, आणि त्यांतली किती तरी मोठ्या कारखान्यांत शिकून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेली आहेत. 'आपण वाढवायचं आणि दुसऱ्यानं खायचं' म्हणणाऱ्यांनी तिकडे एक फेरी मारावी. त्या 'दुसऱ्या'कडूनच आज ते सुटे भाग विकत घेत असतात. याचे वर्कशॉप स्वच्छ होते. बावीस माणसे. संगणकावर चालणारी चार मशिने, आणि कोपऱ्यात एक जुना साधा लेथ. सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढे नारळ. मला पहिल्या खुर्चीवर बसवले, श्रीफळ दिले. परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालो, असे तो सहज बोलण्याच्या ओघात म्हणाला. तीन मुले पुढे येऊन पाया पडली. "हे आपल्या आय.टी.आय.चे," तो म्हणाला. "मास्तर गेल्यावरही मी तिथूनच घेतो. तीस माणसांच्या आत सक्ती नाही, पण घेता येतात."

मी विचारले, "संगणकाची मशिने असताना हा जुना लेथ कशाला?"

"हाताला कळायला, साहेब. आधी सहा महिने यावर."

भिंतीशी एका फळीवर तीन वह्या होत्या. हात नकळत तिकडे गेला. वरची उघडली. मुलाचे अक्षर गिचमिड होते. एका पानावर लिहिले होते : 'आज दिवसभर बर काढली. नवीन काही शिकलो नाही.' भोक पाडल्यावर कडेला धातूची जी धार उरते, तिला बर म्हणतात. ती घासून काढणे हे सर्वांत कंटाळवाणे काम. त्याखाली लाल शाईने मालकाचा शेरा होता : 'बरोबर आहे. माल घाईचा होता. उद्यापासून दोन दिवस लेथवर.' आणि सही.

मी वही जागेवर ठेवली. तो जवळच उभा होता. त्याने पाहिले, पण काही म्हटले नाही. पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत ठेवला आणि गाडीपर्यंत सोडायला आला.

घरी आलो. सौ.ने पुडा उघडला. "काय म्हणत होता?" तिने विचारले. मग मी तिला सगळे सांगितले, तेवीस वर्षांनी. ती पेढा हातात धरून ऐकत राहिली. "त्यानं काही काढलं का?" म्हणाली.

"नाही."

"मग तुम्ही काढायचं होतं."

मी फोन लावला. पलीकडे अजून मुलांचा गलका चालू होता, कोणीतरी लाऊडस्पीकर लावला होता. "बोला साहेब, पोचलात का नीट?"

"पोचलो," मी म्हटले. "एक सांगायचं राहिलं. ती वही... दोन हजार एक सालची..."

तो चालत बाजूला गेला असावा. गलका कमी झाला.

"आहे साहेब," तो म्हणाला. "माझ्याकडेच आहे. ठेवलीय मी जपून."